नाममुद्रा आणि यंत्रबुद्धि

लेखनाच्या हातीं जें जें नवें साधन आलें, त्यानें लेखकाचें कांहीं हित केलें आणि त्याचें कांहीं हिरावूनहि घेतलें. बोरू मागें पडून छापखाना आला, तेव्हां ग्रंथ गांवोगांव पोंचले. परंतु एकाच्या श्रमाचें पुस्तक दुसऱ्यानें छापून विकण्याची सोयहि त्याच वेळीं झाली. ग्रामोफोन आला, तेव्हां गाणें घराघरांत गेलें. आणि ज्याचें पद त्याच्या पदरांत काय पडणार, हा प्रश्न उभा राहिला. आज कृत्रिम बुद्धिमत्ता या नांवानें ओळखलें जाणारें यंत्र आलें आहे. तें कोट्यवधि पानें वाचतें, आणि मागाल तो लेख, मागाल ती कविता, मागाल तें चित्र क्षणांत पुढें ठेवतें. ज्या पानांवर तें शिकलें, त्या पानांच्या कर्त्यांचें तें कांहीं देणें लागतें काय, आणि लागत असल्यास तें कोणत्या कायद्यानें वसूल व्हावें, हा वाद आज दिल्लीपासून अमेरिकेपर्यंत चालू आहे.

या वादांत पैशाचा हिशेब पुष्कळ होतो. परंतु लेखकाचें देणें केवळ पैशाचेंच असतें असें नाहीं. हें समजून घेण्यासाठीं मराठी माणसाला परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या अहमदनगर जिल्ह्यांत छापखाना येण्याच्या कितीतरी आधीं, कोणताहि कायदा नसतांना, या प्रश्नाचा विचार झालेला आहे.

प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ग्रंथाच्या अखेरीस येणाऱ्या ओव्यांत त्याच्या जन्माची सारी नोंद आहे. काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, स्थळ गोदावरीच्या दक्षिणेचें, राज्य यादव राजा रामचंद्राचें, आणि ग्रंथ उतरून घेणारे सच्चिदानंदबाबा. स्वतः ज्ञानेश्वरांनीं आपलें ऋण कोठेंहि लपविलेलें नाहीं. आपण व्यासांच्या मागावरून, भाष्यकारांना वाट विचारीत चाललों आहों, असें ते सांगतात. आणि जें साधलें त्याचें सर्व श्रेय गुरु निवृत्तिनाथांच्या पायीं ठेवतात. ज्यांची प्रतिभा इतकी स्वतंत्र, त्यांना आपण कोणापासून काय घेतलें हें सांगण्यांत कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

त्या काळीं ग्रंथाची नक्कल करणें हा गुन्हा नव्हता. तें पुण्यकर्म होतें. हौसेनें आणि श्रद्धेनें नकला करणारे हात नसते, तर ज्ञानेश्वरी आजच्या पिढीपर्यंत पोंचलीच नसती. परंतु नकलांबरोबर दोषहि शिरले. कोणी अवघड शब्द बदलून सोपा घातला, कोणाच्या हातून ओवी गळली, कोणी उत्साहाच्या भरांत आपली ओवी मध्येंच दडपून दिली. सुमारें तीनशें वर्षांत मूळ पाठ कोणता आणि मागाहून घुसलेला कोणता, हें सांगणें कठीण होऊन बसलें. तेव्हां नेवाशाहून फार दूर नसलेल्या पैठणांत एकनाथांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ या वर्षीं, ग्रंथाचा पाठ शोधून शुद्ध केला. एकनाथ स्वतः मोठे कवि. त्यांना ओवी सुचत नव्हती असें थोडेंच आहे? तरी पाठ शुद्ध करून ते थांबले. एवढेंच नव्हे, तर या ग्रंथाच्या पाठांत पुढें जो कोणी स्वतःची ओवी घालील, त्यानें अमृताच्या ताटांत करवंटी ठेवल्यासारखें होईल, अशा अर्थाची ताकीदहि त्यांनीं शेवटीं लिहून ठेवली. नक्कल करा, परंतु भेसळ करूं नका, असा त्या ताकिदीचा अर्थ.

दुसरा अपराध नांवाचा. अभंगाच्या शेवटच्या चरणांत कवि आपलें नांव गुंफतो, त्याला नाममुद्रा म्हणतात. छापील मुखपृष्ठ नसलेल्या काळांत ही मुद्रा हाच कर्तृत्वाचा एकमेव दाखला होता. तुकोबांच्या गाथेंत सालोमालो यांजवर अभंग आहेत. दुसऱ्याचें तें आपलें म्हणून मिरविणें, हा त्यांच्यावरील मुख्य आरोप. तुकोबा पैशासाठीं रचना करणारे नव्हते. घरचीं कर्जखतें त्यांनीं इंद्रायणींत सोडून दिलीं, असें परंपरा सांगते. अशा पुरुषालाहि आपल्या शब्दांवरून आपलें नांव पुसलें गेलेलें सोसलें नाहीं. नांवाचा हक्क आणि पैशाचा हक्क हे दोन निराळे हक्क आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे?

या उलट उदाहरण पारनेर तालुक्यांतील पिंपळनेरचें. तेथील निळोबारायांची आणि तुकोबांची प्रत्यक्ष भेट झाली नाहीं. तुकोबांचा उपदेश त्यांना स्वप्नांत झाला, असें वारकरी मानतात. छंद तोच, वाट तीच, भाषेचें वळणहि त्याच घराण्याचें. परंतु अभंगाच्या शेवटीं मुद्रा मात्र निळ्याची. गुरूची शैली शिकावी, गुरूचें नांव आपल्या रचनेवर घालूं नये आणि आपलें नांव गुरूच्या रचनेवर घालूं नये, हा विवेक पिंपळनेरास कोणी न शिकवितां पाळला गेला.

तिसरें आणि या विषयाला सर्वांत जवळचें उदाहरण राहुरी तालुक्यांतील ताहराबादचें. तेथील कुलकर्णी महिपति यांचा काळ १७१५ ते १७९०. त्यांनीं १७६२ सालीं ‘भक्तविजय’ आणि १७७४ सालीं ‘भक्तलीलामृत’ हे ग्रंथ पुरे केले. संतांचीं चरित्रें मराठी घरांत आज ज्या रूपानें ठाऊक आहेत, तें रूप बरेंचसें महिपतींनीं दिलेलें आहे. महिपतींचें काम हें अनेकांच्या लेखनांतून आणि लोकांच्या मुखांतून वेंचून एकत्र करण्याचें. आजच्या यंत्राचा धंदाहि, वरवर पाहतां, हाच. परंतु ‘भक्तविजया’च्या आरंभींच महिपति सांगतात कीं या कथा आपण मनानें रचलेल्या नाहींत, उत्तरेकडील नाभाजी आणि माणदेशांतील उद्धवचिद्घन यांनीं पूर्वीं हीं चरित्रें लिहिलीं, त्या दोघांच्या आधारानें हा ग्रंथ होत आहे. घेणें हा दोष नव्हे, घेऊन लपविणें हा दोष, असें या कवीनें आपल्या आचरणानें दाखविलें. म्हणूनच पुढें अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनीं विसाव्या शतकांत महिपतींचे ग्रंथ इंग्रजींत आणले, तेव्हां कोणती कथा कोठून आली याचा माग काढतां येणें शक्य झालें.

नेवासें, पिंपळनेर आणि ताहराबाद यांनीं मिळून असे तीन दंडक घालून दिले. कर्त्याचें नांव राखावें. त्याच्या शब्दांत भेसळ करूं नये. आणि जें घेतलें त्याचा उगम सांगावा. पैशाचा दंडक मात्र यांत नाहीं, कारण पोथीच्या काळांत तो प्रश्न उद्भवलाच नव्हता.

तो प्रश्न छापखान्यानें आणला. नगर येथून १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ हें पत्र सुरू झालें. १८४५ सालीं बाळशास्त्री जांभेकर यांनीं ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. पुढें दोनच वर्षांनीं, १८४७ सालीं, कंपनी सरकारनें ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा केला. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें छापील पुस्तकांची नोंद होऊं लागली. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानावर त्या कायद्याचा उल्लेख आणि ‘सर्व हक्क स्वाधीन’ हे शब्द अजून पाहावयास सांपडतात. ज्या प्रकारच्या नकलेनें ज्ञानेश्वरी जगविली, तीच नक्कल नव्या लेखकाच्या बाबतींत आतां बेकायदा ठरली. तें योग्यच होतें. कारण लेखकाचें पोट आतां मठाच्या किंवा दरबाराच्या आश्रयावर नसून खपणाऱ्या प्रतींवर अवलंबून होतें.

मग जुन्या ग्रंथांवर मालकी कोणाची? मुंबई उच्च न्यायालयापुढें हा प्रश्न ‘व्रतराज’ या संस्कृत ग्रंथाच्या एका आवृत्तीवरून आला. १८८९ च्या निकालाचा सारांश असा कीं, मूळ ग्रंथ सर्वांचा असला तरी ज्यानें पंडितांच्या साह्यानें त्याची नवी मांडणी केली, टीपा जोडल्या, त्याच्या त्या श्रमांना कायद्याचें संरक्षण आहे. दुसऱ्यानें पाहिजे तर मूळ पोथी घेऊन स्वतः श्रम करावे. पहिल्याचे श्रम उचलूं नयेत. विद्या मोकळी ठेवावी आणि कष्टाचें मोल राखावें, असा दुहेरी तोल या निकालांत दिसतो.

यानंतर ग्रामोफोन आला. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीनें कलकत्त्यांत हिंदुस्थानांतील आपलीं पहिलीं ध्वनिमुद्रणें केलीं, आणि थोड्याच काळांत नाटकांतील पदें तबकड्यांवरून मराठी घरांत ऐकूं येऊं लागलीं. तिकडे अमेरिकेंत एक विलक्षण निकाल झाला. आपोआप वाजणाऱ्या पियानोंत छिद्रें पाडलेली कागदाची गुंडाळी घालीत. ती गुंडाळी म्हणजे संगीतरचनेची नक्कल नव्हे, कारण ती कोणाला वाचतां येत नाहीं, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९०८ सालीं ठरविलें. रचनाकारांवर हा उघड अन्याय होता. दुसऱ्याच वर्षीं तेथील कायदेमंडळानें कायदा बदलून प्रत्येक गुंडाळीमागें व तबकडीमागें रचनाकाराला ठराविक रक्कम मिळेल अशी तजवीज केली. इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यांतहि तसेंच झालें. रचनेची तबकडी एकदां संमतीनें निघाली, म्हणजे ती दुसऱ्या कंपनीसहि काढतां येई. मात्र विक्रीच्या किमतीवर पहिलीं दोन वर्षें शेंकडा अडीच आणि नंतर शेंकडा पांच या दरानें रचनाकाराला मोबदला द्यावा लागे. हाच कायदा कांहीं फेरफारांसह १९१४ सालीं हिंदुस्थानास लावण्यांत आला. यंत्र बंद पाडलें नाहीं आणि रचनाकारालाहि उपाशी ठेवलें नाहीं, असा तो मध्यम मार्ग होता.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलांत आला. त्यांतील सत्तावन्नावें कलम या कथेंत फार मोलाचें आहे. लेखकानें आपले सर्व हक्क विकले, तरी कृतीचा कर्ता म्हणून आपलें नांव सांगण्याचा आणि कृतीची विटंबना थांबविण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो, असें तें कलम सांगतें. दिल्लीच्या विज्ञान भवनांतील अमरनाथ सहगल यांचें भित्तिशिल्प सरकारी कामांत काढलें जाऊन खराब झालें, तेव्हां त्याचे अवशेष शिल्पकाराला परत द्यावे व पांच लाख रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम दिल्ली उच्च न्यायालयानें २००५ सालीं याच कलमाच्या आधारें दिला. एकनाथांची ताकीद आणि तुकोबांचा संताप अशा रीतीनें कायद्याच्या भाषेंत उतरला. त्याच कायद्यानें हक्काला मुदतहि घातली. कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षें ही ती मुदत. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत होता, त्या निमित्तानें ती साठ वर्षांची झाली. ज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नगरांत गेला, त्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ सालीं वारल्या; त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ आतां सर्वांच्या मालकीचीं आहेत. हक्काला शेवट असणें हेंहि हक्क असण्याइतकेंच अगत्याचें आहे.

आतां आजच्या यंत्राकडे वळावें. त्याला पुस्तकें, वर्तमानपत्रें, चित्रें, गाणीं यांचा अफाट सांठा दाखविला जातो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे हिशेब तें पुनःपुन्हा करतें, आणि त्या हिशेबांचे अब्जावधि आंकडे त्याच्या पोटांत राहतात. पोथी कपाटांत असावी तसा ग्रंथ त्याच्या आंत ठेवलेला नसतो. परंतु शिकविण्यासाठीं ग्रंथाची नक्कल आधीं करावीच लागते, आणि प्रसंगीं मूळ उतारे शब्दशः बाहेरहि येतात. यंत्रकर्ते म्हणतात, माणूसहि वाचूनच शिकतो. मग यंत्रानें वाचलें तर बिघडलें काय? निळोबाहि तुकोबांपासूनच शिकले, हें खरें. परंतु निळोबा एकटे होते. यंत्र एका वेळीं साऱ्या जगाच्या लेखकांचें वाचून त्यांच्याच बाजारांत उभें राहतें. आणि निळोबांच्या अभंगावर मुद्रा निळोबांची होती. यंत्राच्या लेखनावर मुद्रा कोणाचीच नसते. १९९४ च्या दुरुस्तीनें संगणकाकडून घडलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ति, असें आपल्या कायद्यानें म्हटलें आहे. परंतु ज्यांच्या लेखनावर संगणक शिकला, त्यांच्याविषयीं ती दुरुस्ती मूकच आहे.

न्यायालयांत हे प्रश्न आले आहेत. ए. एन. आय. या वृत्तसंस्थेनें ओपन-एआय या अमेरिकन कंपनीवर नोव्हेंबर २०२४ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयांत दावा लावला. अमेरिकेंत अँथ्रॉपिक कंपनीविरुद्ध लेखकांनीं केलेल्या खटल्यांत जून २०२५ मध्यें असें ठरलें कीं, विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्राला शिकविणें हा तेथील कायद्याप्रमाणें रास्त उपयोग होय; परंतु चोरट्या प्रती उतरवून त्यांचें ग्रंथालय बाळगणें हा तसा उपयोग नव्हे. पुढें त्या कंपनीनें दीडशें कोटि डॉलरांवर तडजोड केली. पुस्तकामागें सुमारें तीन हजार डॉलर, म्हणजे रक्कम लहान नव्हे. परंतु या तडजोडींत एक मेख होती. ज्या पुस्तकांची अमेरिकेच्या स्वामित्व-कचेरींत ठराविक मुदतींत नोंद झालेली होती, तेवढ्यांच्याच मालकांना ती लागू होती. अकोले किंवा जामखेड येथें बसून मराठींत लिहिणारा लेखक आपलें पुस्तक वॉशिंग्टन येथें नोंदविण्यास कशाला जाईल?

हीच मेख दिल्लीच्या योजनेंतहि राहूं नये, हें येथील लेखकांना पाहावें लागेल. केंद्र सरकारनें एप्रिल २०२५ मध्यें नेमलेल्या समितीचा पहिला विचारार्थ लेख डिसेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. कायदेशीर मार्गानें मिळविलेल्या कृतींवर यंत्राला शिकविण्याची सर्रास मुभा असावी. लेखकाला ती नाकारतां येऊं नये. मात्र यंत्रापासून उत्पन्न होऊं लागलें म्हणजे कायद्यानें ठरलेला मोबदला एका मध्यवर्ती संस्थेमार्फत कर्त्यांना मिळावा, अशा सूचना त्यांत आहेत. संगणक-उद्योगाची संघटना नॅसकॉम हिचा या मोबदल्यासच विरोध आहे. ग्रामोफोनचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला या सूचनेंत १९११ चा तोडगाच नव्या वेषांत दिसेल. परंतु तबकडीवर पदाचें नांव असे, आणि किती तबकड्या खपल्या हें मोजतां येई. यंत्राच्या उत्तरांत कोणाचें किती, हें मोजतां येत नाहीं. त्यामुळें वांटणी नोंदवहीवरूनच होणार. आणि जो नोंदवहींत नाहीं त्याचा वांटा कोण राखणार? आपल्या कायद्यांत स्वामित्व मिळण्यास नोंदणीची अट नाहीं. लिहिलें तेव्हांच तें मिळतें. मोबदल्याच्या वेळीं मात्र नोंदणीची अट मागील दारानें आली, तर इंग्रजी प्रकाशकांच्या घरीं पैसा जाईल आणि तालुक्याच्या गांवचा कवि उंबऱ्यावरच राहील.

शिवाय पैसा पुरेसा नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें आशा भोसले यांच्या अर्जावर अंतरिम हुकूम दिला. यंत्राच्या साह्यानें त्यांच्या आवाजाची प्रतिकृति त्यांच्या संमतीवांचून उपलब्ध करून देणें हें त्यांच्या व्यक्तित्वाच्या हक्कांचें उल्लंघन होय, असें न्यायालयास प्रथमदर्शनीं दिसलें. २०२४ च्या जुलैंत अरिजित सिंग यांच्या बाबतींतहि त्या न्यायालयानें असेंच संरक्षण दिलें होतें. गायकाचा आवाज ही त्याची नाममुद्राच होय. ती शेंकडा अमुक इतके देऊन विकत घेतां येत नाहीं.

तेव्हां नव्या कायद्याकडून अपेक्षा कोणती करावी? मोबदला असावाच, परंतु तो न नोंदविलेल्या लेखकालाहि आपल्या भाषेंत, आपल्या जिल्ह्यांत मागतां यावा. नांव व आवाज यांना संमतीचें कुंपण असावें. आणि सर्वांत आधीं, यंत्र कोणत्या ग्रंथांवर शिकलें त्याची यादी उघड व्हावी. युरोपच्या २०२४ च्या कायद्यानें शिक्षणसामग्रीचा गोषवारा जाहीर करण्याचें बंधन मोठ्या यंत्रकर्त्यांवर घातलेंच आहे. त्याहून पुढें जाण्यास आपल्याकडे हरकत नसावी. यादीच नसेल तर देणें कोणाचें हें कळणार नाहीं, आणि भेसळ कोठें झाली हेंहि सांपडणार नाहीं. इतकें केल्यावर ज्यांची मुदत संपली ते ग्रंथ, ज्ञानेश्वरीपासून ‘स्मृतिचित्रां’पर्यंत, यंत्रानें खुशाल वाचावे. मराठी विद्या त्यानें वाढेलच, घटणार नाहीं.

हें सर्व अशक्य आहे, इतक्या अफाट सांठ्याचा उगम सांगणें कोणालाहि जमणार नाहीं, असा आक्षेप घेतला जातो. ताहराबादच्या कुलकर्ण्यांजवळ बोरू आणि कागद यांपलीकडे साधन नव्हतें. तरी त्यांनीं ग्रंथाच्या पहिल्या अध्यायांतच आपल्या पूर्वसूरींचीं नांवें सांगितलीं. ज्या यंत्राला कोट्यवधि पानें लक्षांत ठेवतां येतात, त्याच्या मालकांना त्या पानांवरचीं नांवें लिहून ठेवणें जड जाऊं नये.